अवदचाचाच्या दुकानात उभं राहायचं नाही

लोक भेटल्यावर तब्येत विचारतात, बायकापोरं विचारतात. अवदचाचा विचारायचा, "कफील कैसा है तेरा?" तेही असं, की कफील म्हणजे मूळव्याध आहे आणि ती आपल्याला फार दिवसांची आहे. रियाधच्या बत्ह्यात, म्हणजे तिथल्या जुन्या बाजारपेठेत, त्याचं दुकान होतं. आवाज एवढा दांडगा, की तो इथं शिंकला तर मक्केतली माणसं रुमाल काढायची.

मी दापोलीकडचा, एका बांधकाम कंपनीत नकाशे काढणारा. त्या दुकानात मला माझ्या नाकानं नेलं. सुक्या मुशी माशाचा वास! अख्खं वाळवंट तुडवत आईची हाक यावी तसा. आत लुंगी नेसलेला सहाफुटी येमेनी. (सांगताना मी सात म्हणतो.) मी भाव विचारला, तर तो गरजला, "पैले बैठ! मेरी दुकान में खडे रहके बात नै करना." आणि पायानं एक लोखंडी स्टूल माझ्याकडं सरकवलं. त्याचा आजा निजामाच्या फौजेत होता, आई औरंगाबादची. त्यामुळं मराठी समजायचं, बोलायचा दखनी. हमाल असो नाहीतर साहेब, त्या स्टुलावर बसल्याशिवाय माल मिळत नसे. समोरच्या इमारतीचा मालक, मोठा सौदी शेख, तोही वीस वर्षं रोज संध्याकाळी त्याच स्टुलावर बसून चहा प्यायचा.

आम्हा हिंदुस्थानी लोकांना कफील, म्हणजे जामीन राहणारा मालक. पासपोर्ट त्याच्या कपाटात. येमेनी माणसाला मात्र कफील लागत नसे. शेजारचा देश, जुना सलोखा. स्वतःचं दुकान, स्वतःची किल्ली. हे चाचा आम्हाला दिवसातून सतरा वेळा ऐकवायचा. "तुमारे कान में बिल्ला है, बकरे के सरका. मेरा कफील उप्पर बैठा है." आणि बोट आभाळाकडं.

"मग पासपोर्ट वरच ठेवलात का, चाचा?"

तो हसायचा, आणि फळीवरच्या मधाच्या बरण्या वाजायच्या.

मग इराकनं कुवेत गिळलं. येमेनच्या सरकारनं सौदीच्या बाजूनं उभं राहायला नकार दिला, आणि इकडं फर्मान निघालं: येमेनींची सवलत खलास. मुदतीत सौदी कफील शोधा, दुकान त्याच्या नावावर करा, नाहीतर चालते व्हा. आमची अर्धी गल्ली येमेन्यांची. सगळे एकदम विकायला निघाल्यावर घेणार कोण? काल ज्या गाळ्यांसाठी डोकी फुटायची, ते आज फुकट म्हटलं तरी गिऱ्हाईक म्हणे, "अजून थोडं थांबू." रोज नवी अफवा. मुदत वाढली, मुदत घटली, मामला मिटला. अफवा खाऊन पोट भरलं असतं तर बत्ह्यातल्या सगळ्या खानावळी बंद पडल्या असत्या.

एका दुपारी चाचा हळू आवाजात बोलला. त्याला हळू आवाज आहे, हेच मला तेव्हा कळलं. "सिका रे. कफील से कैसे बात करते?"

मी नकाशाची गुंडाळी काखेत मारून कफील झालो. "नजर खाली. हात पुढं बांधा. तो म्हणेल त्याला 'होय' म्हणा. 'बुकरा' म्हणाला, म्हणजे उद्या ये, की 'शुक्रन', आभारी आहे, म्हणायचं आणि उद्या पुन्हा जायचं."

"कित्ते दिन?"

"माझं आठवं वर्ष आहे."

तो हसला नाही.

समोरच्या शेखकडंच जायचं ठरलं. इस्त्रीचा पांढरा झगा घालून चाचा गेला, आणि चहाला उकळी फुटायच्या आत परत आला. हातातला जामिनकीचा कागद सहीविना कोरा.

"नाही म्हणाला?"

"नै. हाँ बोला. दस्तखत करने कू तैयार था."

"मग?"

"बैठने कू नै बोला रे." तो स्टुलाकडं बघत म्हणाला, "उन्ने कुर्सी पे, मैं खडा. बीस बरस मेरी चाय पिया. मैं कागज उठाके आगया."

मी भडकलो. "खुर्चीपायी दुकान घालवता? घरात तीन मुली आहेत, चाचा! मी रोज उभा राहतो, मेलो का?"

त्यानं मला नीट न्याहाळलं. "तेरे कू नै मालूम," इतकंच म्हणाला.

दुकान घ्यायला कुणी आलंच नाही. सुकी मुशी त्यानं गल्लीत वाटून टाकली. ट्रकवर गाद्या, फ्रिज, शिलाई मशीन, आणि त्यांच्या मधोमध बायको-मुली. स्टूल माझ्या हातात दिलं. मी आपलं हसवायला म्हणून विचारलं, "चाचा, कफील कैसा है?"

बोट वर गेलं नाही. "अब देखेंगे," म्हणाला.

सीमेपलीकडं लोक तंबूत राहतात, एवढंच पुढं कानावर आलं. त्याची खबर नाही.

जानेवारीत रियाधवर क्षेपणास्त्रं पडू लागली. आईला भेटायला गावी जावं म्हणून मी पासपोर्ट मागायला माझ्या कफीलकडं गेलो. त्याच्या टेबलासमोर एक खुर्ची रिकामी होती.

ही गोष्ट मी दापोलीत शंभरदा सांगितली आहे. दर वेळी मी ती खुर्ची खसकन ओढतो, पायावर पाय टाकतो, आणि कफील चळाचळा कापतो. ऐकणारे टाळ्या देतात.

मी उभाच होतो. पाऊण तास. नजर खाली, हात पुढं बांधलेले. शेवटी तो म्हणाला, "बुकरा."

मी म्हणालो, "शुक्रन."