मशीनचा खण

माझे धाकटे दीर शिंपी. माप देताना कुणी पोट आत ओढून धरलं की म्हणायचे, "साहेब, श्वास सोडा. शर्ट घालून जेवायचंही असतं." अशा माणसावर रागावणार कोण? मी मात्र रागावले होते, आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते.

भावजींना मधुमेह निघाला तेव्हा डॉक्टरांनी रोजच्या गोळ्या दिल्या. भावजींनी चार दिवसांत सोडल्या. "दादानं मधुमेहाच्या याच गोळ्या दहा वर्षं खाल्ल्या, वहिनी. शेवटी त्या गोळ्यांनीच त्याच्या किडन्या खाल्ल्या." दादा म्हणजे माझे यजमान. त्यांनीच या भावाच्या हाती सुई दिली, आणि ते गेल्यावर त्यांचं मशीन मी भावजींच्या दुकानात पाठवलं. दादाचं मरण भावजींनी उशाशी बसून पाहिलेलं. त्यापुढे डॉक्टरचं काय चालणार?

धाकटी जाऊ रडली, भांडली, दोन दिवस जेवली नाही. मग भावजी वरमले. सकाळी तिच्यासमोर गोळी तोंडात टाकायचे, वर पाण्याचा घोट, आणि चालले दुकानाला. "ताई, आता रोज घेतात हो," ती मला हरखून सांगायची. मी "बरं झालं" म्हणायचे. असला घोट मी दहा वर्षं पाहिला होता. तरीही उठून दुकानात गेले नाही.

पायडलवरचं रक्त पहिल्यांदा एका गिऱ्हाइकाला दिसलं. अनवाणी मशीन चालवायची दोघा भावांची सवय. मोडक्या सुईचा तुकडा तळव्यात रुतून बसला होता. किती दिवस, कोण जाणे. भावजींना टोचल्याचं कळलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, साखर फार चढली आहे, इन्सुलिन घ्या, पाय वाचेल.

"दादालाही शेवटी इंजेक्शनंच दिली होती," भावजी म्हणाले आणि हात पांघरुणात ओढून घेतला. जाऊनं माझ्याकडे पाहिलं. बोलायचं ते तेव्हाच बोलायला हवं होतं, पाय शाबूत होता तेव्हा. भावजी स्वतःच्या जबाबदारीवर सही करून दवाखान्यातून घरी आले. तिसऱ्या दिवशी तापानं फणफणले, शुद्ध हरपली, आणि दवाखान्यात त्यांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

ते शुद्धीवर आल्यावर नर्स इन्सुलिन घेऊन आली. त्यांनी पुन्हा नकारार्थी मान हलवली. जाऊ रडत बाहेर गेली, आणि मग माझं तोंड उघडलं. "भावजी, तुमच्या दादांनी गोळ्या खाल्ल्याच नाहीत. जिभेखाली धरायचे आणि दुकानात जाऊन मशीनच्या खणात टाकायचे. तुमच्याकडे पाठवण्याआधी तो खण मीच रिकामा केला. बॉबिनांखाली मूठमूठ गोळ्या होत्या."

"मग सांगितलं का नाहीत?"

"गेलेल्या माणसाची लाज झाकली. आणि माझीही. दहा वर्षं बायकोला पत्ता नव्हता, असं लोक म्हणाले असते."

भावजी पांघरुणाकडे बघत राहिले, जिथे ते सपाट झालं होतं तिथे. नर्स तशीच उभी होती. मग त्यांनी हात बाहेर काढून तिच्यापुढे केला. सुई टोचून ती गेल्यावर हळूच म्हणाले, "वहिनी, तेवढा खण पुन्हा रिकामा करा. हिला कळू देऊ नका."

जाऊ दाराबाहेर बाकावर बसली होती. मी तिला हाक मारली.