पहिली किक

लोणावळ्याच्या बाजारातल्या त्या मिस्त्रीचा मला भयंकर राग येतो. माझ्या जुन्या मोटारसायकलचा ठिणगी पाडणारा मॅग्नेटो परत बसवताना हा गृहस्थ ठिणगीची वेळ निव्वळ अंदाजाने जुळवतो. वर ऐकवतो, "लय मशिनी केल्यात आमी!" ठिणगी जरा आधी पडली की किक उलटी येऊन पायावर बसते. मागच्या खेपेला मी कुसगावपर्यंत लंगडत घरी गेलो, तर म्हणे, "तुमचा पायच नाजूक हाय, भाऊ."

परवा पुन्हा तेच. मॅग्नेटो बसवला, हात पुसले आणि लांब जाऊन उभा राहिला. "मारा किक."

"आज पहिली तुम्ही मारा," मी म्हटलं.

त्याने किककडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे. पाना उचलला आणि मॅग्नेटो पुन्हा खोलायला बसला.