रेडिओच्या पेटीवरचा डाग

ताई शाळेतून निवृत्त होणार हे कळलं तेव्हा मी माळ्यावरून बाबांचा रेडिओ खाली काढला. बाबा गेल्यावर तो माझ्याकडे मुलुंडला आला होता आणि मी तो जुन्या चादरीत गुंडाळून वर टाकला होता. बायको अधूनमधून म्हणायची, "नुसता धूळ खातोय, देऊन टाक ना कुणाला." मी विषय बदलायचो. त्याच्या लाकडी पेटीवर, वरच्या बाजूला, एक पांढरट गोल डाग होता. तो मला डोळ्यांसमोर नको होता.

तो डाग मी पाडला होता आणि त्याची शिक्षा ताईने भोगली होती. चाळीसेक वर्षांत मी हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

घाटकोपरला टेकडीवर आमची एक खोली होती. रेडिओ बाबांनी कुणाकडून तरी जुनाच घेतलेला, पण घरातली चकचकीत वस्तू म्हणावी अशी ती एकच. बाबा साकीनाक्याला कारखान्यात फिटर होते. रविवारी सकाळी ते स्वतः पेटी फडक्याने पुसायचे आणि आईने विणलेलं जाळीचं कव्हर झटकून परत घालायचे. स्टेशन लावायचं काम मात्र ताईचं. ती माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. बटण फिरवताना ती सुईकडे बघायची नाही, दाराबाहेर बघायची, आणि खरखर संपली की बरोबर थांबायची. बुधवारी श्रुतिका असायची. त्या दिवशी ती भांडी लवकर उरकायची.

मी पाचवीत होतो. शाळेत बक्षीस समारंभ होता. आमच्याकडे इस्त्री नव्हती, पितळी तांब्यात उकळतं पाणी भरून तोच कपड्यांवरून फिरवायचा. एरवी हे आई किंवा ताई करायची. त्या सकाळी दोघी नळावर होत्या आणि मला दम धरवत नव्हता. शर्टाची बाही उलटवायला दोन्ही हात लागले म्हणून मी कव्हर जरा बाजूला सारून तांब्या रेडिओवर ठेवला. उचलला तेव्हा खालचं पॉलिश पांढरं पडलं होतं. मी कव्हर सरळ केलं आणि बक्षीस घ्यायला गेलो.

रविवारी बाबांनी कव्हर काढलं. "हे कुणी केलं?"

मी वहीत डोकं घातलं. ताईने जवळ येऊन बघितलं आणि म्हणाली, "मीच असेन. परवा चहाचा पेला ठेवला होता वर."

बाबा कधी मारत नसत. "आजपासून रेडिओला तू हात लावायचा नाहीस," एवढंच म्हणाले.

स्टेशन लावायचं काम माझ्याकडे आलं. सांगायला जड जातं, पण मला आनंद झाला होता. ताई मोरीतून म्हणायची, "जरा मोठा कर ना रे." मी कधी करायचो, कधी ऐकू न आल्यासारखं करायचो. बाबा पुढे ती शिक्षा विसरूनही गेले असतील. तिने कधी विचारलं नाही आणि मी कधी आठवण करून दिली नाही.

त्यानंतर ताईला एक सवय लागली. कप असो, पेला असो, खाली वर्तमानपत्राची घडी ठेवल्याशिवाय ती तो कशावरच ठेवत नाही. स्टीलच्या टेबलावरसुद्धा नाही. 'पेपरवाली ताई' हे नाव तिला मीच दिलं. सगळे हसायचे, तीही हसायची.

याच ताईने दहावीला माझं गणित करून घेतलं. अंधेरीला माझी पहिली मुलाखत होती तेव्हा शाळेतून रजा काढून ती बरोबर आली आणि मी बाहेर येईपर्यंत कंपनीच्या गेटसमोर टपरीच्या बाकड्यावर बसून राहिली. तिचे उपकार असे एकावर एक चढत गेले आणि दर वेळी सांगणं आणखी अवघड होत गेलं.

आता रेडिओ काढला तेव्हाही सांगायचा विचार नव्हताच. डाग घालवायचा, पेटी नवी करून तिला द्यायची, म्हणजे झालं, असं मनात होतं. पॉलिश पेपर आणला. वरच्या बाजूला हात लावायची भीती वाटली म्हणून आधी डाव्या अंगाला घासून हात बसवू म्हटलं. अर्ध्या तासात तळहाताएवढ्या जागेतलं सागाचं लाकूड संपलं आणि खालून भलतंच फिकट, भुसभुशीत काहीतरी वर आलं.

पेटी घेऊन साकीनाक्याला गेलो. तिथे एका गाळ्यात एक मालवणी गृहस्थ जुन्या फर्निचरला पॉलिश करतात. त्यांनी ते अंग बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"ह्या काय करून ठेवलात ओ?"

"घासलं जरा."

"जरा? आख्खी पेटी सागवानी नाय ती. वर नुसतो पापुद्रो चिकटवलेलो असता. तुम्ही पापुद्रो खाल्लात." मग वरच्या डागावरून बोट फिरवलं. "आणि ह्यो?"

"तोच घालवायचा होता. लाकडात खोल गेलाय."

"लाकडात खय? पॉलिशात आसा." बोट पुन्हा गोल फिरलं. "गरम तांब्यो ठेवलो कोणी ह्येच्यार?"

"मी," मी म्हणालो.

तोंडातून निघूनच गेलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा, तेही एका अनोळखी माणसासमोर. त्यांना त्याचं काहीच नव्हतं. "पाण्याचो होतो ता बरा. निखाऱ्याचो असतो तर लाकूड जळला असता," ते म्हणाले आणि कामाला लागले.

फडक्यात बांधलेल्या कापसाच्या बोळ्याला त्यांनी थोडं स्पिरिट लावलं. बोळा जास्त ओला तर नाही ना, हे स्वतःच्या गालाला लावून बघितलं. मग टेकवला न टेकवला असा डागावरून फिरवत राहिले. पांढरा गोल विरळ झाला, तुटला, आणि माझा चहा संपायच्या आत गेला. डाव्या अंगाला नवा पापुद्रा बसवून चपड्याचं, म्हणजे लाखेचं, पॉलिश चढवायला मात्र त्यांना दोन आठवडे लागले. डाग दहा मिनिटांचा होता, माझी दुरुस्ती दोन आठवड्यांची.

पेटी घरी आणली तेव्हा ती बाबांच्या रविवारी दिसायची तशीच दिसत होती. मला बरं वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. आता दाखवायला काही उरलं नव्हतं, मी गप्प राहिलो असतो तर कुणाला कधीच कळलं नसतं. पण एकदा त्या गाळ्यात 'मी' म्हणून झालं होतं.

बोरिवलीला ताईच्या घरी रेडिओ टेबलावर ठेवला. ती बराच वेळ पेटीवरून हात फिरवत होती. "डाग कुठे गेला रे माझा?"

"तुझा नव्हता तो," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं. तांब्या, शर्ट, वहीत घातलेलं डोकं.

ती चहा आणायला उठली होती, ती तशीच उभी राहिली.

"मग माझा पेला?"

"पेल्याने काही झालं नव्हतं."

"मला खरंच वाटायचं मीच केलं. सासरी पहिल्या दिवशी कपाखाली पेपर ठेवला तर सासूबाई म्हणाल्या, ही कसली पद्धत." ती थांबली. "आणि तू हसायचास."

"हो."

"सगळ्यात जास्त तू हसायचास."

"हो, ताई."

ती आत गेली. चहा नेहमीपेक्षा बराच उशिरा आला. तिचे डोळे धुतलेले दिसत होते. तिने दोन घड्या घातल्या, दोन कप त्यांच्यावर ठेवले.

"ऊठ तिथून," ती म्हणाली.

रेडिओजवळच्या खुर्चीतून मी उठलो. ती तिथे बसली आणि बटण फिरवलं. आतलं यंत्र तेव्हा बंद होतं, पण सुई सरकली. ताई खिडकीबाहेर बघत होती.

"आजपासून रेडिओला तू हात लावायचा नाहीस," ती म्हणाली. अगदी बाबांसारखं. मग तिला हसू आलं, आणि मला रडू.

पुढच्या महिन्यात मेकॅनिकने यंत्रही सुरू करून दिलं. आता दर रविवारी मी बोरिवलीला जातो. हात लावत नाही. लांबच्या खुर्चीतून म्हणतो, "ताई, जरा मोठा कर ना." कधी ती करते, कधी तिला ऐकू येत नाही. तिने मला ही शिक्षा दिली, याबद्दल मी तिचा फार ऋणी आहे.