लाल कंधारीचा लाल

माझी शाळा तिसरीपर्यंत. पण लोह्यात चाळीस वर्षं फोटोचं दुकान चालवलं, आणि रंगाच्या बाबतीत माझ्या डोळ्याला कुणी खोटं पाडलं न्हाई. म्हणून आमच्या घरच्या लाल कंधारी जातीच्या बैलाचा मी काढलेला फोटो लातूरच्या प्रदर्शनात लागणार हे कळलं, तेव्हा या वयात मी अंगणात उडीच मारली. लातूर म्हणजे देवणी जनावरांचा मुलूख. लेकीचे सासरे तिकडचेच, दारात पांढरी-काळी देवणी जोडी. ते बघायला येणार म्हणजे येणारच.

मोठा फोटो बाहेरून छापून आणला. नेमके त्याच दिवशी व्याही घरी. फोटो बघून म्हणाले,

"व्याही, ह्यो बैल हाय का वीट?"

रंग खरंच फिका, विटकरी आला होता. माझं डोकं फिरलं. म्हणलं, आता स्वतःचा प्रिंटर घेणार, आणि बैलाशेजारी धरून बघितल्याबिगर घेणार न्हाई.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बैल पिकअपमध्ये चढवला. तो बायकोशिवाय कुणाचं ऐकत न्हाई, म्हणून तिलाही घेतलं. नांदेडात प्रिंटरच्या दुकानासमोर आम्ही तिघं उतरलो, तर दुकानातली ताई बघतच राहिली.

"काका, रंग स्क्रीनवर दिसतो की!"

"ताई, स्क्रीनला आतून उजेड असतो. माझ्या बैलाला हाय का आतून दिवा?"

ती पोट धरून हसली, पण कामाची होती. दोन मशिनी दाखवल्या. एकीची शाई पाण्यात विरघळलेल्या रंगासारखी, दुसरीच्या शाईत रंगाची बारीक भुकटी. दुसरी जास्त टिकते म्हणाली. कागद कापसाचा. कापूस म्हणलं की मला समजवावं लागत न्हाई.

दोन्हींवर तोच फोटो काढला. सुकेस्तोवर चहा झाला. मग भर उन्हात मी डाव्या-उजव्या हातातला एकेक कागद बैलाच्या कुशीला लावून बघत राहिलो. रस्ता तुंबला. रिक्षावाले हॉर्न सोडून सल्ले देऊ लागले. "चाचा, डावा वाला!" "अबे न्हाई, उजवा!"

खरं सांगतो, दोन्ही लाल मला सारखेच दिसले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझा डोळा अडला. पण तसं म्हणतो कोण! उगंच मान हलवत उभा राहिलो.

तेवढ्यात बैलानं जीभ काढली आणि डावा कागद वशिंडापासून शेपटीपर्यंत चाटला. सगळा लाल ओघळून खाली आला. मी लगेच उजवा पुढं केला. तोही चाटला. ओला झाला, पण रंग जागचा हलला न्हाई.

"घ्या! माझं हेच म्हणणं होतं," मी म्हणलं.

"तुमचं कुठं? त्याचं," बायको म्हणाली, आणि जीभ लाल झाली म्हणून बैलाला पाणी पाजायला लागली.

प्रिंटर तोच, भुकटीच्या शाईचा घेतला. लातूरला फोटो लागला, कमरेपासून डोक्याच्या वर जाईल एवढा. व्याही आले. मग हळूच पुढं झाले आणि बैलाच्या मानेखालची लोंबती पोळी खाजवल्यासारखं कागदावर बोट फिरवलं. हात लावू नये अशी पाटी शेजारीच होती. मी ती पाठीमागं घेऊन उभा राहिलो.