चाळीस फुटांखालचा हात

नौदलात माझी भरती स्वातंत्र्यानंतरच्या वर्षी झाली. कोल्हापूरच्या पोराला समुद्र काय ठाऊक, असं भरतीच्या साहेबांना वाटलं असावं. त्यांनी विचारलं, "पोहता येतं?" मी म्हणालो, "येतं." "पाण्याखाली किती वेळ राहतोस?" मी म्हणालो, "मामाचा दम तुटेपर्यंत." साहेब हसले आणि कागदावर काहीतरी लिहिलं. दोन वर्षांनी मला डायव्हिंगच्या कोर्सला पाठवलं, ते बहुधा त्या लिहिण्यामुळेच.

हा मामा माझ्या आईचा भाऊ नव्हे. वडील प्राथमिक शिक्षक होते आणि त्यांची बदली शाहूवाडीच्या वाटेवर, नदीकाठच्या एका गावात झाली होती. तिथे पावसाळ्यात रस्ता पाण्याखाली जाई आणि माणसं, बैलगाड्या, पुढे पुढे मोटारीही तराफ्यावरून पलीकडे नेत. तराफा चालवणारा शिदू. सगळा गाव त्याला शिदूमामा म्हणायचा, म्हणून मीही.

गावातल्या पोरांना पोहायला तोच शिकवायचा. पाठीला वाळका भोपळा बांधून डोहात ढकलून द्यायचा. भोपळा सुटला की बुडी. पितळी तांब्या डोहात टाकायचा आणि म्हणायचा, "जा, आण." आम्ही खाली गेलो की हा काठावर उकिडवा बसून स्वतःचाही दम कोंडायचा. गाल फुगलेले, डोळे पाण्यावर. हा त्याचा नियम होता. खाली गेलेल्या माणसाबरोबर वरच्यानंही श्वास घ्यायचा नाही.

"माझा दम तुटला की मी येनार," तो सांगायचा. "तवर तू ये. न्हाईतर दोघं मिळून येऊ."

मी तांब्याच्या नादात उशीर केला की तो खरंच यायचा. पाण्यात काही दिसत नसे. पाठीवर दोनदा थोपटलं जाई. त्याचा अर्थ, चल वर. त्याच्या घाटावर माणूस कधी बुडालं नव्हतं, आणि ही गोष्ट तो येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक पावण्याला ऐकवायचा.

कोर्समध्ये आधी तांब्याच्या पत्र्याचं हेल्मेट आणि शिशाचे बूट. वर दोन जण पंपाचं चाक फिरवत, आणि तिसरा अटेंडंट, त्याच्या हातात माझी लाइफलाइन. त्यानं दोरी एकदा ओढली की अर्थ, ठीक आहेस का? मी एकदा ओढून उत्तर द्यायचं, ठीक आहे. चार वेळा ओढली की वर. पाण्याखाली डायव्हरचं सगळं बोलणं एवढंच. सुट्टीवर आलो तेव्हा शिदूमामाला हे समजावलं. त्याला ते पटलं नाही.

"दोरीला काय दम असतोय व्हय?" तो म्हणाला. "दोरी बसंल ओढत. तुझ्यासंगं गुदमरनार कोन?"

मी हसलो. नवी वर्दी होती, अंगात थोडी मस्तीही होती.

काही वर्षांनी ॲक्वालंग आलं. पाठीवर हवेच्या दोन टाक्या, तोंडात रबरी नळी, पायात पंख. पंप गेला, हेल्मेट गेलं. लाइफलाइन मात्र राहिली. मी तोवर लीडिंग सीमन झालो होतो.

नवरात्राच्या थोडं आधी वायरलेस मेसेज आला. लष्कराचा एक ट्रक तराफ्यावरून नदीत गेला होता, दोन जवान बेपत्ता. दोन डायव्हर ताबडतोब पाठवा. गावाचं नाव वाचलं आणि मी लेफ्टनंट साहेबांना सांगितलं, "सर, तो डोह मला माहीत आहे." साहेब, मी आणि माझा जोडीदार पिल्ले असे तिघे निघालो. पिल्ले केरळचा, बोलायला कमी, कामाला चोख. आमचं आपसातलं बोलणं निम्मं हिंदी, निम्मं इंग्रजी असायचं.

सकाळी सात वाजता घाटावर पोचलो. पाणी गढूळ, ओढ मध्यम. शिदूमामा तराफ्यावर बसून होता. साठी उलटलेली, छातीच्या फासळ्या दिसत होत्या. पूर वाढला, तराफ्याला धरणारा ताणाचा दोर तुटला, तराफा कलला आणि ट्रक घसरला, इतकं त्यानं सांगितलं. तो स्वतः तीनदा तळापर्यंत जाऊन आला होता. ट्रक हाताला लागला होता, माणसं नव्हती लागली.

"माझ्या घाटावर रं," तो म्हणाला.

काठावर एक शेतकरी बसला होता. कागलकडचा. त्याचा मुलगा बाबू त्या ट्रकमध्ये होता, ड्रायव्हरच्या सोबतीला. म्हातारा तीन दिवस तिथून हलला नव्हता. मला बघून उठला.

"पावणं, गावंल न्हवं?"

"आज आणतो, आबा," मी म्हणालो. डायव्हरनं असं वचन कधी देऊ नये. मी दिलं.

तराफा ट्रकच्या बरोबर वर नांगरला. मी खाली जाणार, पिल्ले लाइफलाइन धरणार. त्याच्या टाक्या बाजूला तयार. माझं काही बिनसलं तर दोरी साहेबांकडे देऊन त्यानं स्टँडबाय डायव्हर म्हणून उतरायचं. टाक्या चढवायला दीड मिनिट लागतं. शिदूमामा तराफ्याच्या टोकाला उकिडवा बसला.

"मामा, माझ्याकडं अर्ध्या तासाची हवा हाय. तुमी दम कोंडून काय करनार?"

"तुझ्या टाकीचं मला कळत न्हाय. मी माझा दम कोंडनार. तुटला की तुझं बुडबुडं बघनार. बुडबुडं असलं तर फिरून कोंडनार."

"आणि नसलं तर?"

त्यानं धोतराचा काष्टा घट्ट खोवला.

पहिली बुडी सव्वादहाला. खोली चाळीस फूट. स्वतःचा हात डोळ्यासमोर धरला तरी दिसत नव्हता. ड्रायव्हर केबिनमध्ये मिळाला. दहा चाळीसला तो वर आला. हुद्द्यानं नाईक होता, पंजाबकडचा. साहेबांनी टोपी काढली. कागलचे आबा जवळ आले, चेहरा बघितला आणि परत जाऊन बसले.

टाक्या बदलून अकराला पुन्हा उतरलो. केबिनमध्ये दुसरं कोणी नव्हतं. चाचपत मागे गेलो. हौद्यावर ताडपत्रीचं छत होतं, एका बाजूला कललेलं. आत शिरलो. बाबू तिथे होता, सामानाच्या पेट्यांमागे. ट्रक घसरायला लागल्यावर पेट्या सावरायला मागे गेला असेल.

त्याला वर ओढून घेण्यासाठी मी त्याच्या खांद्याखालून दोर घेतला. तेवढ्यात लक्षात आलं की माझी लाइफलाइन हलत नाही. छताच्या लोखंडी कमानीला तिनं वेढा घेतला होता. वरून ओढलेलं मला कळणार नव्हतं आणि माझं उत्तर वर जाणार नव्हतं. नियम स्पष्ट आहे. लाइन अडकली की हातातलं काम सोडायचं आणि आधी लाइन मोकळी करायची. हा नियम मीच नव्या पोरांना शिकवायचो. पण दोराची एक गाठ बाकी होती. सोडली असती तर बाबू पेट्यांमागे पुन्हा सरकला असता. हवा दहा मिनिटांची होती. काठावर बाप होता. दोन मिनिटांचं काम, असा मी हिशेब केला आणि गाठ बांधत राहिलो.

वर काय चाललं होतं ते नंतर कळलं. पिल्लेनं लाइन एकदा ओढली. उत्तर नाही. पुन्हा ओढली. उत्तर नाही. माझे बुडबुडे ताडपत्रीखालून सरकत तराफ्याच्या पोटाखाली निघत होते, कुणालाच दिसत नव्हते. साहेब ओरडले, "स्टँडबाय डायव्हर!" पिल्ले टाक्यांकडे धावला. शिदूमामानं कोंडलेला दम सोडला, पाण्यावर नजर फिरवली, नवा श्वास घेतला आणि उडी टाकली. हुकमाची वाट त्यानं पाहिली नाही.

खाली माझ्या खांद्यावर हात पडला. मला वाटलं, पिल्ले आला. हात खांद्यावरून खाली सरकला आणि पाठीवर दोनदा थोपटलं. मी ते मनगट शोधलं आणि एकदा दाबलं. आमच्या भाषेत, ठीक आहे. हात क्षणभर तसाच राहिला. मग गेला.

मी गाठ पुरी केली, लाइन सोडवली, चार वेळा ओढली आणि वर आलो. अकरा बावीस. तराफ्याच्या शिडीवर पिल्ले, पाठीवर टाक्या, एक पाय पाण्यात.

"इतक्यात वर आलास?" मी विचारलं.

"मी अजून उतरलोच नाही," तो म्हणाला. "तो म्हातारा गेला खाली. तो कुठे आहे?"

त्या क्षणी मला पाठीवरचं ते थोपटणं कळलं. आम्ही नौदलात एकदा दाबतो. दोनदा थोपटणारा माणूस जगात एकच होता आणि मला ते आठव्या वर्षापासून ठाऊक होतं.

मी नळी तोंडात धरली आणि लाइनशिवायच गेलो. मागून साहेब ओरडल्याचं आठवतं. ट्रकच्या मागच्या बाजूला, तळाला, तराफ्याच्या तुटलेल्या दोराची वेटोळी पडली होती. शिदूमामाचा डावा पाय त्यात होता. तोंड वरच्या दिशेला होतं, हात वर केलेले. सुरीनं दोर कापला आणि त्याला घेऊन आलो. त्याला पालथं घालून आम्ही पाऊण तास, तेव्हाच्या रीतीप्रमाणे श्वास परत यावा म्हणून, आळीपाळीनं त्याची पाठ दाबत होतो. मग लष्कराबरोबर आलेल्या डॉक्टरांनी माझा हात धरून मला बाजूला केलं.

कागलच्या आबांना त्यांचा मुलगा दुपारी एक वाजता मिळाला. ते जाताना माझ्या पाया पडायला वाकले. मी मागे सरलो. तेवढी लाज मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटली नाही.

चौकशीत मी सगळं सांगितलं. लाइन अडकली होती, मला कळलं होतं, मी काम सोडलं नाही. साहेबांनी विचारलं, "हात लागला तेव्हा तो कुणाचा, याची खात्री केलीस?" मी म्हणालो, "नो सर." माझं प्रमोशन काही वर्षं थांबलं. ते थांबलं नसतं तर मी स्वतःच नको म्हणालो असतो. अहवालात लिहिलं होतं की स्थानिक नावाडी विनाहुकूम पाण्यात उतरला. त्यात चूक काहीच नव्हतं, तरी वाचताना जीव तुटला.

अवघड काम वेगळंच होतं. तिसऱ्या दिवशी, राख सावडून झाल्यावर मी मामीसमोर जाऊन बसलो. गावात सगळे म्हणत होते की शिदूमामानं मास्तरांच्या पोराला वाचवलं. मी गप्प राहिलो असतो तर तिच्या आयुष्यभर तेच खरं राहिलं असतं.

"अडकलतास काय रं तू?" तिनं विचारलं.

"न्हाय मामी."

"हवा सरलीती?"

"न्हाय. धा मिनटांची हुती. त्येंला यायचं कारनच नव्हतं. मी दोरी सोडवली असती तर ते आलेच नसते."

ती पदराच्या टोकाशी चाळा करत होती.

"तुला हात लावला त्येनं?"

"लावला. दोनदा थोपटलं."

"मग तू काय केलंस?"

"मनगट दाबलं. ठीक हाय म्हनून. पर मला वाटलं, आमचा मानूस हाय."

"तुला काय बी वाटू दे. त्येला कळलं न्हवं, तू धड हाईस ते?"

"कळलं असंल, मामी."

"मग घराकडं येत हुता त्यो," ती म्हणाली. "बघून झालं, आन् परत येत हुता." आणि चुलीकडे वळून तिनं माझ्यासाठी चहा टाकला. मी तिथे लहान मुलासारखा रडलो. तिनं रडू दिलं.

पुढे बरीच वर्षं मी डायव्हिंग केलं. बुडालेल्या बोटी, धक्क्यांचे पाये, समुद्राचा तळ. मग शिकवण्याच्या कामावर आलो. पहिल्या दिवशी पोरांना ॲक्वालंगला हात लावू द्यायचो नाही. एकाला सरावाच्या पाण्याच्या टाकीत उतरवायचो आणि बाकीच्यांना काठावर दम कोंडून बसवायचो. कुणी विचारलं, चीफ, हे मॅन्युअलमध्ये कुठे आहे, तर सांगायचो, नाही. आणि पाण्यात हात लागला की तो कुणाचा हे आधी ओळखायचं, हे मी मॅन्युअलमध्ये घालायला लावलं.

आमच्या डायव्हर्सचा दरवर्षी एक कार्यक्रम असतो. पाण्यात गेलेल्यांची नावं वाचतात. बाबू आणि तो नाईक त्यांच्या पलटणीच्या पाटीवर आहेत. शिदूमामा कुठल्याच पाटीवर नाही, कारण तो कुठल्याच नोकरीत नव्हता. नावं झाली की दोन मिनिटं स्तब्धता. सगळे मान खाली घालतात. मी दम कोंडतो. पूर्वी दोन्ही मिनिटं निघायची. आता चाळीस सेकंदांत दम तुटतो, आणि तुटला की माझा पाय आपोआप एक पाऊल पुढे पडतो.