भेगेतली वाकी

परवापर्यंत हे मी कोणालाच सांगितलं नव्हतं. आमच्या ह्यांनाही नाही — आणि ते तर तेव्हा माझ्यापासून हातभर अंतरावर उकिडवे बसले होते. ते गेले, ते हे न कळताच गेले. परवा मात्र जिला सगळ्यांत आधी सांगायला हवं होतं, तिला सांगून आले. म्हणून आज तुमच्यापुढे तोंड उघडते आहे.

मलकापुरात आमचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. महाराष्ट्र होऊन थोडी वर्षं झाली होती, ट्रान्झिस्टर नुकते घरोघरी यायला लागले होते. ह्यांना यंत्रांचं वेड. मातीतला धातू शोधायचं एक यंत्र त्यांनी स्वतःच जुळवलं होतं — लाकडी रिंगणावर गुंडाळलेली तांब्याची तार, त्याला लांब दांडा, आणि कानाला लावायचे जुने हेडफोन. कोणाचा हरवलेला दागिना, कोणाच्या पाइपाचं बुजलेलं तोंड, असं काहीबाही शोधून द्यायचो.

रिंगणानं जागा कळायची, पण परातीएवढी. नेमकं कुठे, त्यासाठी ह्यांनी एक छोटी कांडी केली होती. रेडिओच्या एरियलमधली काळी कांडी, तिच्यावर बारीक तार, वरून बांबूची नळी. ती माझ्या हातात असायची. ह्यांचा एक कान लहानपणापासून वाहायचा, बारीक आवाज त्यांना कळत नसे. मला कळे.

आपली काळी माती लबाड असते. तिच्यात लोखंडाचा अंश, मुरुमाचे खडे — यंत्र नुसतं गुरगुरत राहतं. म्हणून कांडी आधी शेजारच्या मोकळ्या मातीला टेकवायची, बटण फिरवून ती गुरगुर अगदी खाली आणायची, मग सावकाश पुढे न्यायची. आवाज हळूहळू चढला तर माती. टचकन उठला आणि बोटभर सरकवल्यावर तुटला, तर धातू. पायातली जोडवी आधी काढून ठेवायची, मंगळसूत्र पाठीवर टाकायचं. हे मी एवढं खुलासेवार का सांगते आहे? बाईच्या ऐकण्यात चूक झाली असेल, असं तुम्ही म्हणू नये म्हणून. चूक झाली नव्हती.

एकदा जळगाव जामोदकडच्या एका गावातून बोलावणं आलं. मोठं शेतकरी घर. सुनेच्या दंडातली सोन्याची वाकी शेतात पडली होती. कापसाच्या पऱ्हाट्या उपटणाऱ्या बायांना ती भाकरी द्यायला गेली होती, वाकीची फिरकी ढिली होती, कुठे निसटली ते कळलंच नाही. उन्हं तापायला लागली होती, रान हात-हात खोल भेगाळलं होतं. भेगेत गेलेलं डोळ्यांना कुठलं दिसतं? सासूचं मात्र म्हणणं वेगळंच होतं — वाकी पडली नाही, माहेरी गेली, भावाकडे.

आम्ही ओसरीवर बसलो. चहा घेऊन जी सून बाहेर आली, ती कमल होती.

मेहकरला आम्ही शाळेत एका बाकावर बसायचो, एकमेकींच्या वेण्या घालायचो. लग्नं झाली तशी भेट तुटली होती. मी तर तोंडभर हसून उठून उभीच राहिले. तिनं माझ्याकडे पाहिलं — आणि नजर खाली घातली. कोणी परकी बाई असावी तशी कपबशी पुढे ठेवून आत गेली. सासू म्हणाली, "बाईले रान दाखवून दे वं." ती "हाव" म्हणाली, आमच्या पुढे चालत राहिली. शेतापर्यंत एकदाही वळून पाहिलं नाही.

मला काय वाटलं, कसं सांगू? मी अनवाणी, जोडवी पदराला बांधलेली, धुळीत रांगायला आलेली. ती मोठ्या घरची सून. माझी लाज वाटली तिला — हेच वाटलं. दुसरं कारण असू शकेल, हे मनाला शिवलंच नाही.

बांधाजवळ रिंगण बोललं. ह्यांनी हेडफोन माझ्या कानाला चढवले. मी कांडीची गुरगुर खाली आणली आणि ती एका भेगेत सोडली, कोपरापर्यंत हात आत. आवाज आला. स्वच्छ, टचकन. बाजूला घेतली — तुटला. पुन्हा सोडली — आला. हे माझ्या तोंडाकडे पाहत होते. पलीकडे कमल उभी होती, पदराचं टोक मुठीत घट्ट धरून.

"काऊन? हाय काय काही?" सासूनं विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "मुरुमाचा खडा हाय. मातीच बोलून राह्यली."

झालं. एवढंच. थोडा वेळ तिला तसंच उभं ठेवणार होते, मग काढून देणार होते — असं मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. पण मी काढून दिली का? मी उठले, लुगडं झटकलं आणि घरी आले.

ह्यांनी त्याच आठवड्यात कांडी उघडली. रिंगण बोललं, मग कांडी मुकी का राहिली? नक्कीच तिच्यात दोष. सगळी तार उकलून पुन्हा गुंडाळली. "काळ्या मातीनं हरवलं मले," असं येईल त्याला सांगायचे. मी आतून ऐकायची — आणि भाकऱ्या थापायची.

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास दुकानात आलेल्या एका माणसाकडून कळलं. त्या घरच्या सुनेला माहेरी धाडलं होतं. वाकी घेऊन ये, नाहीतर येऊ नको. मुलाला मात्र ठेवून घेतलं होतं. अजून रांगत होता तो.

आता उशीर करून चालणार नव्हतं. पाऊस पडला की काळी माती फुगते, भेगा मिटतात, आतलं आत राहतं. मी ह्यांना म्हटलं, नवी तार गुंडाळली ना, मग एकदा जाऊन पाहू. ते लगेच निघाले.

मला वाटलं होतं, सरळ जाऊन हात घालीन. पण शेत नांगरून झालं होतं. कुठली भेग अन् कुठली जागा? माठाएवढी ढेकळं उलथीपालथी पडली होती, रिंगण जमिनीला टेकतच नव्हतं. हे एकेक ढेकूळ उचलून कापडावर ठेवायचे, मी कांडी फिरवायची, मग खालच्या खळग्याच्या कडा तपासायच्या. प्रत्येक ढेकूळ गुरगुरायचं. ऊन डोक्यात शिरलं होतं. आता नाहीच सापडली तर? ती भीती मी कधी विसरले नाही. दुपार कलल्यावर एका ढेकळातून तो आवाज आला. ह्यांनी ते हातानंच फोडलं. वाकी जरा चेपली होती.

सासूनं मला पाटावर बसवलं, ओटी भरली, लुगडं दिलं. आणि मी घेतलं.

कमल सासरी परत आली आणि काही दिवसांनी पोराला कडेवर घेऊन दुकानात आली, गळ्यातच पडली. "त्या दिवशी ओळख देल्ली असती ना सुशे, तर आत्याबाई म्हनल्या असत्या का मैत्रिणीनंच माहेराहून आणून ठेवली वाकी. म्हणून तोंड फिरवलं मी. तुले राग तं नाही आला?"

मी म्हटलं, नाही. हे खोटं पहिल्यापेक्षा सोपं गेलं.

तेव्हापासून ती मला बहीण मानत आली. माझ्या मुलीच्या लग्नात मावशीच्या मानानं उभी राहिली. भेटेल त्याला सांगायची, हिनं माझा संसार राखला. मी मान खाली घालायची — लोकांना वाटे, केवढी साधी बाई!

परवा तिच्या नातीचा साखरपुडा होता. कमलनं ती वाकी माझ्या हातात ठेवली, म्हणाली, "तूच घाल पोरीच्या दंडात." माझा हात उचलेना. मी तिला माजघरात नेलं, दार लोटलं आणि सांगून टाकलं.

ती भिंतीला टेकली. मग म्हणाली, "तुले तवाच समजलं होतं?"

"हाव."

"अन् तरी तू उठून गेली?"

"हाव."

"मी माहेरी होती, तवा पोरगं चालाले शिकलं," ती म्हणाली. "त्याचं पहिलं पाऊल मी नाही पाह्यलं, सुशे."

हे मला ठाऊक नव्हतं. इतक्या वर्षांत तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं. मी माफी मागितली नाही. मागितली असती तर पाहुण्यांनी भरलेल्या घरात तिला ‘जाऊ दे’ म्हणावं लागलं असतं. तिनं माझ्या हातातून वाकी घेतली, बाहेर गेली आणि नातीच्या दंडात स्वतः घातली.

मी मागच्या दारानं निघाले, मलकापूरची गाडी धरली. आणि खरं सांगू? गाडीत मला बरं वाटत होतं. घरी आले, पिठलं-भाकर पोटभर खाल्ली, अंग टाकलं ते उन्हं वर येईपर्यंत जाग नाही. तिला एवढं दुखवून आले आणि आपल्याला बरं वाटतं — हे शोभतं का? नाही शोभत. पण वाटतं आहे, तेही आता कशाला लपवू?

कमलचा निरोप नाही. नातीच्या लग्नाची पत्रिका आली तर जाईन, मागच्या रांगेत बसेन. नाही आली तर कोणाला विचारणार नाही.