भाव मी सांगणार

माझी मुलगी पहिलीत असताना बाईंनी तिला विचारलं, "आई काय करते?" ती म्हणाली, "बाजारात बसते."

तारापूरकडच्या आमच्या किनाऱ्यावर असंच म्हणतात. नवरा दर्यावर जातो, बायको बाजारात बसते. बाई गडबडल्या. "असं म्हणू नये बाळा, मासे विकते म्हणावं." पुस्तकी मराठीत बाजारात बसणारी म्हणजे कोण, ते बाईंना ठाऊक होतं, आम्हालाही होतं. पोरीला नव्हतं. घरी येऊन तिनं मला विचारलं, "मग तू मासे उभी राहून विकतेस का?"

आता ती पालघरला कॉलेजात आहे आणि रॅप करते. तेच वाक्य घेऊन तिनं गाणं केलं आणि मोबाइलवर टाकलं:

"आई बसली बाजारात, मी पन बसनार,
दम हाय तर भाव कर, बघू कोन हसनार!"

हसणारे पुष्कळ निघाले. मी बसते त्या बोईसरच्या बाजारात कंपनीतली पोरं शिफ्ट सुटली की येतात. पूर्वी मांदेली घेऊन जायची, आता गाणं वाजवत यायला लागली. एक जण माझ्या टोपलीकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाला, "मौसी, भाव क्या है?" त्याचे सोबती खिदळले. मी म्हटलं, "तेरे जेब में नहीं समाएगा, निकल." तो गेला. पण दिवसभर माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कोणी नुसता भाव विचारला तरी मी आधी त्याचं तोंड बघायची.

शेजारी माझी जाऊ बसते. ती म्हणाली, "काय गो, तुजी पोरगी आमाला विकते काय? आता रविवारी स्टेजवर पन गानार. सांग तिला, गान्यातली ती वळ काड."

घरी मुलीला सांगितलं तर ती उसळली. "आई, हे बायकांच्या ताकदीचं गाणं आहे!"

"असेल. पण बसते मी. तू एक दिवस बसून बघ. मग ओळ ठेव नाहीतर काढ, मी बोलणार नाही."

शनिवारी तिला माझ्या पाटावर बसवलं. जीन्सवर माझा जुना एप्रन. जाऊ म्हणाली, "हिरोईन आली गो बाजारात." मी बर्फ आणायला गेले आणि परत येते तर तोच पोरगा सोबत्यांना घेऊन तिच्यासमोर उभा. "भाव क्या है?"

एरवी हिचं तोंड बीटवर मशीनसारखं चालतं. आता बंद. मी दोन टोपल्या अलीकडे थांबले. हातातल्या बर्फानं बोटं बधिर झाली, तरी पुढे गेले नाही. जाऊ मला डोळ्यांनी खुणावत होती, जा, जा.

मग पोरीनं टोपलीतला ओला बोंबील शेपटीला धरून उचलला आणि त्याच्या नाकापुढे धरला. "इसका पूछा ना? इसको देख के पूछ." आणि भाव सांगितला, माझ्याही तोंडून कधी निघाला नसता असा.

"ज़्यादा है," तो मागे सरकत म्हणाला.

"तो आगे चल."

त्याचे सोबती आता त्यालाच हसत होते. पोरीच्या हातातला बोंबील निसटून परत टोपलीत पडला.

"आई, तो परत आला तर?"

"येणारच. बाजार आहे."

तिनं बोंबील परत नीट लावला. मग म्हणाली, "गाण्यात मी 'भाव कर' म्हटलंय, पण भाव ते नाय ठरवत ना? भाव आपण सांगतो." आणि तिथंच मांडीवर ताल धरून पुटपुटायला लागली. गिऱ्हाईक खोळंबलं. "बीटवर बसत नाय," ती कुरकुरली.

"बसव. मी इतकी वर्षं बसते, तुझा एक शब्द बसत नाही?"

रविवारी ती पालघरला स्टेजवर होती आणि मी बाजारात. रविवारचा धंदा कोण सोडणार? पण कोळंबी सोलताना दोनदा बोट कापलं. दुपारी जावेनं आपल्या मोबाइलवर पालघरहून आलेलं स्टेजवरचं गाणं लावलं. पहिली ओळ तशीच होती, फक्त पुढची बदलली होती:

"दम हाय तर थांब जरा, भाव मी सांगनार!"

जावेनं ते पुन्हा लावलं. मग आवाज वाढवला.

त्यानंतर कोणी दात काढत नाही असं नाही. काढतात. मी भाव सांगते.